७१ व्या मिनिटाची नोंद

दिवाळीनंतर भाचा आठवडाभर राहायला आला होता. एका रात्री सव्वाच्या सुमारास तहान लागली म्हणून उठलो, तर हॉलमध्ये मोबाइलचा निळसर उजेड. कानात ती बारीक बोंडं, अंगावर माझी जुनी शाल, आणि नजर स्क्रीनला चिकटलेली. मी मागं जाऊन उभा राहिलो तरी त्याला पत्ता नव्हता. कुठलीतरी फुटबॉलची मॅच चालू होती. एक खेळाडू मागून घसरत आला, पुढचा कोसळला आणि गुडघा धरून लोळायला लागला. रेफ्री पळत आला आणि त्यानं छातीच्या खिशातून पिवळं कार्ड काढून वर धरलं. भाच्यानं मूठ आवळली आणि स्वतःच्या मांडीवर हाणली. "आलं!" म्हणाला, दबक्या आवाजात, घर झोपलंय याचं भान ठेवून. गोलावर अशी मूठ आवळणारी माणसं मी आयुष्यभर पाहिलीत. समोरच्या संघाला कार्ड मिळालं म्हणून नाचणारेही पाहिलेत. म्हणून मी सहज विचारलं, "कुणाकडून आहेस रे तू?" तो दचकला. मग हसला, जरा ओशाळला. "कुणाकडूनच नाही, मामा. ब्राझीलची सेकंड डिव्हिजन आहे." दोन्ही संघांची नावं त्याला स्क्रीनवर वाचून सांगावी लागली.

मी शेजारी बसलो. मग त्यानं समजावून सांगितलं. मॅचमध्ये एकूण किती कार्डं निघणार यावर पैसे लावता येतात. त्यानं साडेचारच्या वर लावले होते आणि हे पाचवं कार्ड होतं. "अर्धं कार्ड कुठं असतं का?" मी विचारलं. "अर्धं नसतं ओ. बरोबरी व्हायला नको म्हणून साडेचार. चार आली तर गेले, पाच आली तर आले." मग त्याला हुरूपच आला. कुठला संघ आडदांड खेळतो, कुठली मॅच जुन्या वैराची आहे, कुठला बचावपटू महिनाभर दर मॅचला कार्ड घेतोय, सगळं त्याला पाठ होतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं काय, तर रेफ्री कोण आहे. "हा जो आहे ना, ह्याची सरासरी साडेपाचची आहे. ह्याच्या मॅचला डोळे झाकून लावायचं." असं म्हणून त्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत एकदम कौतुक आलं. आपला मामा कोण होता हे त्याला त्या क्षणी आठवलं असावं.

"मामा, तुमची सरासरी किती पडायची ओ?"

मला उत्तर देता आलं नाही. झोप रे आता, एवढं म्हणून पाणी प्यालो आणि आत गेलो. तो प्रश्न मात्र उशाशी येऊन बसला तो बसलाच.

मी सतरा वर्षं कोल्हापुरात रेफ्री होतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, स्थानिक फुटबॉल म्हणजे रविवारच्या सकाळी पोरं बॉल मारतात तसलं काहीतरी. ज्यानं शाहू स्टेडियमची गच्च भरलेली गॅलरी पाहिली आहे त्याला मी काय सांगू? पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ ही नुसती संघांची नावं नाहीत, ते लोकांचे पत्ते आहेत. कुठल्या पेठेत जन्मलात यावर कुठल्या रंगासाठी घसा बसवायचा ते ठरतं. दुपारी चारची मॅच असली तर तीनपासूनच हलगी ऐकू यायची. उन्हात तापलेल्या पायऱ्यांवर लोक वर्तमानपत्र पसरून बसायचे. शेंगदाण्याची टरफलं, घाम, कोरड्या मातीचा वास आणि बॉलवर पाय पडला की आधी उठणारा धुरळा. त्या सगळ्याच्या मधोमध काळ्या शर्टातला एक माणूस, ज्याच्या बाजूनं अख्ख्या स्टेडियममध्ये कुणीही नाही. मानधन म्हणजे रिक्षाभाडं आणि चहा. तरी मॅच मिळाली की आदल्या रात्री मला झोप लागायची नाही.

माझी पहिली कार्डांची जोडी विकतची नव्हती. पिवळं मी एका लग्नपत्रिकेच्या जाड कागदातून कापलं होतं, हळदीच्या रंगाचं, मागच्या बाजूला अर्धा गणपती तसाच राहिलेला. लाल एका फायलीच्या पुठ्ठ्यातून. दोन्हींवर चिकटपट्टी गुंडाळली होती तरी मे महिन्यातल्या एका मॅचला लाल कार्डाचा रंग घामानं सुटला आणि चड्डीच्या मागच्या खिशाला जो डाग पडला तो शेवटपर्यंत गेला नाही. ताकिदीचं पिवळं छातीच्या खिशात आणि बाहेर काढायचं लाल मागच्या, ही सवय मला एका ज्येष्ठ रेफ्रींनी लावली. गडबडीत भलतंच कार्ड हातात यायला नको म्हणून. ते म्हणायचे, लालकडं हात जायला वेळ लागला पाहिजे. तेवढ्या वेळात तुझं डोकं ताळ्यावर येतं.

पुढं कधीतरी वाचलं की जगातल्या पहिल्या कार्डांची गोष्टही जवळपास अशीच घरगुती आहे. १९६६ च्या विश्वचषकात इंग्लंड आणि अर्जेंटिनाच्या मॅचमध्ये जर्मन रेफ्रीनं अर्जेंटिनाचा कप्तान रॅटिन याला बाहेर काढलं. रेफ्रीला स्पॅनिश येत नव्हतं, कप्तानाला जर्मन येत नव्हतं, आणि कप्तान काही केल्या मैदान सोडेना. त्याच मॅचमध्ये इंग्लंडच्या चार्लटन बंधूंना ताकीद मिळाली होती म्हणे, पण मॅच संपेपर्यंत त्यांनाच त्याचा पत्ता नव्हता. रेफ्रींची जबाबदारी सांभाळणारे केन ॲस्टन हे गाडीनं घरी निघाले होते, डोक्यात हाच घोळ. लंडनच्या केन्झिंग्टन हाय स्ट्रीटवर सिग्नल लागला. हिरव्याचा पिवळा झाला, पिवळ्याचा लाल. घरी जाऊन त्यांनी बायकोला, हिल्डाबाईंना, ही कल्पना सांगितली, आणि त्यांनी रंगीत कागदाचे दोन तुकडे खिशात मावतील असे कापून आणून दिले, असं सांगतात. १९७० साली मेक्सिकोच्या विश्वचषकात कार्डं पहिल्यांदा आली. त्या अख्ख्या स्पर्धेत लाल कार्ड एकदाही निघालं नाही. विश्वचषकातलं पहिलं लाल पाहायला १९७४ साल उजाडावं लागलं. चिलीच्या कार्लोस कासेली याला ते पश्चिम जर्मनीविरुद्ध मिळालं. मला या गोष्टीतलं सगळ्यात काय आवडतं, तर कार्ड शिक्षेसाठी जन्मलं नाही. एकमेकांची भाषा न येणाऱ्या दोन माणसांना एकमेकांचं कळावं म्हणून जन्मलं. गड्या, आता बास, पुढं नको. एवढंच ते पिवळा कागद म्हणतो.

आणि ते म्हणायला लागणारा क्षण कसा असतो, हे ज्यानं खिशात हात घातलाय त्यालाच ठाऊक. शिट्टी तोंडातून सुटते. आजूबाजूचा गोंगाट एकदम लांब जातो, विहिरीत डोकं घातल्यासारखा. समोर एक घामेजलेला चेहरा असतो, वीस-बावीस वर्षांचा. छाती भात्यासारखी हलत असते. तो तुमच्या डोळ्यांत बघतो, मग तुमच्या हाताकडं. तेवढ्या दोन-तीन सेकंदांत तुम्हाला त्याची जात, पेठ, तालीम काही माहीत नसतं. फक्त तो आणि तुम्ही. वहीत त्याचा नंबर लिहिताना पेन्सिलीचं टोक कागदात रुतायचं, कारण माझा हात थरथरायचा. सतरा वर्षांत तो थरथरायचा थांबला नाही, आणि थांबावा असं मला कधी वाटलंही नाही.

त्या क्षणाला 'साडेचारच्या वर' म्हणतात, हे मला त्या रात्री कळलं.

जुगार मला नवा नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाला चहाची एक टपरी होती, तिच्या मागच्या बाकड्यावर एक माणूस चिठ्ठ्या लिहीत बसायचा. ओपन किती, क्लोज किती, जोडी लागली का, हे शब्द आम्हा पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ झाले होते. गल्लीतले एक काका मला चार आणे देऊन चिठ्ठी पोहोचवायला पाठवायचे आणि मी ती मुठीत धरून पळायचो. रात्री कुणाच्या स्वप्नात साप आला तर सकाळी त्याचा आकडा काढायचे, मेलेला बाप आला तर त्याचाही. वडिलांना एकदा हे कळलं. त्यांनी मारलं नाही. संध्याकाळी मला घेऊन त्या काकांच्या घरासमोरून दोनदा चालत गेले. घरात दिवा नव्हता, काकू ओट्यावर बसून होत्या, आणि पितळेचा बंब जिथं असायचा तिथं भिंतीवर नुसता काळा गोल उरला होता. वडील एक शब्द बोलले नाहीत. तो गोल मला अजून दिसतो.

तरी मटका आणि हे यात मला एक फरक वाटतो, आणि तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. मटक्याचा आकडा कुणाच्याच अंगातून निघत नाही. चिठ्ठी निघते, पत्ता निघतो, खेळ खलास. तिथं बुडतो तो लावणाराच. पण कार्डाचा आकडा माणसाच्या पायातून निघतो. कुणीतरी चिडावं, कुणीतरी कुणाची नडगी फोडावी, तेव्हा कुठं एक आकडा पुढं सरकतो. भाच्यानं मूठ आवळली तेव्हा स्क्रीनवर एक पोरगा गुडघा धरून लोळत होता. त्याचं पुढं काय झालं ते त्यानं पाहिलंही नाही. तो वाईट पोरगा नाही हो. रस्त्यावरच्या कुत्र्याला पाय लागला तरी कळवळणारा आहे. पण त्याच्या स्क्रीनवर त्या वेळी माणूस नव्हताच, पाचवं कार्ड होतं.

दुसऱ्या दिवशी मीच त्याला म्हटलं, दाखव मला नीट. त्यानं आनंदानं दाखवलं. पिवळ्याला एक, लालला दोन अशी मोजणी. दुसरीकडं पिवळ्याला दहा गुण आणि लालला पंचवीस. पहिलं कार्ड कुणाला, पहिल्या अर्धात किती, अमुक एका खेळाडूला मिळणार की नाही, प्रत्येकाचा वेगळा भाव. आपल्याकडं २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला, मग हे कसं चालतं, म्हणून विचारलं. "ते आपल्याकडचे बंद झाले, मामा. हे बाहेरचं आहे." पैसे यूपीआयनं जायचे, आणि प्रत्येक वेळी समोर नाव वेगळं यायचं. कधी कुठलं जनरल स्टोअर, कधी कुणी बाई. आजवर किती गेले, हे मी विचारलं तेव्हा तो पहिल्यांदा गप्प झाला. चौदा हजार. क्लासच्या फीसाठी ताईनं दिलेले. मी त्याला रागावलो नाही, आणि याचाच मला आता त्रास होतो. रागवायला पाहिजे होतं. पण मी त्याच्या मोबाइलवर त्या रेफ्रींची यादी बघत बसलो होतो. एकाखाली एक नावं आणि प्रत्येकापुढं एक आकडा, दशांशासकट.

कार्डच का, हा विचार मी नंतर बरेच दिवस करत होतो. मॅच विकायची तर किती जणांना विकत घ्यावं लागेल? गोलकीपर पाहिजे, दोन बचावपटू पाहिजेत, आणि तरी समोरचा संघ गोल मारायला विसरला तर काय करता? कार्डाला एकटा माणूस पुरतो. बॉल लांब लाथाडायचा, थ्रो घ्यायला वेळ लावायचा, शर्ट ओढायचा. संघ हरत नाही, कुणाला इजा होत नाही, दुसऱ्या दिवशी पेपरात ओळही येत नाही. लॉर्ड्सवर २०१० साली विकले गेलेले नो-बॉल आठवा, तसंच. माणूस मनाशी म्हणतो, एवढ्यानं काय बिघडतं? आणि खरंच, त्या मॅचचं काही बिघडत नाही. म्हणून तर ते सोपं असतं.

लिंकन सिटीची गोष्ट वाचताना मला हुंदका आवरला नाही, खरंच सांगतो. इंग्लंडमधला छोटा क्लब, व्यावसायिक लीगच्याही खालच्या पायरीवर खेळणारा. २०१७ च्या एफए कप स्पर्धेत या पोरांनी वरच्या डिव्हिजनच्या बर्नलीला त्यांच्याच मैदानावर ८९ व्या मिनिटाच्या हेडरनं हरवलं आणि थेट उपांत्यपूर्व फेरी गाठली. असं शंभर वर्षांत त्यांच्या पायरीवरच्या कुठल्याही क्लबला जमलं नव्हतं. गावानं काय जल्लोष केला असेल! पुढच्या वर्षी बाहेर आलं की त्यांचा बचावपटू ब्रॅडली वूड यानं त्या कपातल्या दोन मॅचमध्ये, इप्सविचविरुद्ध आणि याच बर्नलीविरुद्ध, मुद्दाम पिवळं कार्ड घेतलं होतं, आणि त्याच्या ओळखीच्या माणसांनी त्यावर पैसे लावले होते. सहा वर्षांची बंदी आली. मला राहून राहून वाटतं, शेवटच्या शिट्टीला सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले असतील तेव्हा त्याच्या मनात काय असेल? आयुष्यात एकदाच येणारी दुपार, आणि तिच्यातला एक तुकडा आधीच विकलेला.

ब्राझीलची गोष्ट तर त्याहून काळीज कुरतडणारी. तिथलं प्रकरण बाहेर आलं ते गोयास राज्यातल्या विला नोव्हा क्लबच्या अध्यक्षामुळं, जो स्वतः पोलीस दलातला. मग सरकारी वकिलांनी एकेक धागा ओढला. त्यात सांतोस क्लबचा बचावपटू एदुआर्दो बाउएरमान होता. वकिलांच्या म्हणण्याप्रमाणे २०२२ च्या नोव्हेंबरात त्यानं एका मॅचमध्ये पिवळं कार्ड घ्यायचं कबूल करून पैसे घेतले, आणि त्या मॅचमध्ये त्याला कार्ड मिळालंच नाही. मग भरपाई म्हणून पुढच्या मॅचला लाल घ्यायचं ठरलं. लाल मिळालं, पण शेवटची शिट्टी झाल्यानंतर, आणि ते पैजेत धरलं गेलं नाही. मग धमक्या. मी त्या मॅचच्या रेफ्रीचा विचार करतो. त्याच्यासमोर एक माणूस नव्वद मिनिटं कार्डासाठी तळमळतोय, आणि त्याला वाटतंय, आज हा पोरगा एवढा का भडकलाय? मी असतो तर त्याला बाजूला घेऊन म्हणालो असतो, शांत हो बाळा, असं करू नको. आम्ही रेफ्री असंच करतो. कार्ड टाळता आलं तर टाळतो. आणि त्या टाळण्यानंच तो अजून खोल गेला असता.

तेव्हा इंग्लंडच्या वेस्ट हॅम क्लबकडून खेळणाऱ्या लुकास पाकेताचं प्रकरण मला या सगळ्यांपेक्षा जास्त छळतं, कारण तो सुटला. तो लहानाचा मोठा झाला त्या रिओजवळच्या पाकेता बेटावरून त्याच्या पिवळ्या कार्डांवर पैसे लागले होते. २०२२ च्या नोव्हेंबरपासून पुढच्या ऑगस्टपर्यंतची चार कार्डं. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं मे २०२४ मध्ये आरोप ठेवले आणि जुलै २०२५ मध्ये मुद्दाम कार्डं घेतल्याचे आरोप सिद्ध झाले नाहीत. चौकशीत सहकार्य न केल्याचा ठपका तेवढा राहिला. चौकशी लागल्यापासून जवळपास दोन वर्षं तो डोक्यावर ते ओझं घेऊन खेळत होता. मी ते चारही फाऊल पुन्हा पुन्हा पाहिले. खरंच सांगतो, असे फाऊल मी दर आठवड्याला पाहिलेत. दमलेला, चिडलेला, बॉल हातून गेला म्हणून हात-पाय टाकणारा खेळाडू करतो तसेच. पण पाहणाऱ्याच्या डोळ्यात एकदा खडा गेला की काय करायचं? मी कुठलीही मॅच आता तशी बघतो. कुणी शर्ट ओढला की मनात येतं, का ओढला असेल? सतरा वर्षं ज्या चेहऱ्यांवर राग आणि थकवा वाचत आलो, तिथं आता मी हिशेब शोधतो.

आणि त्यावर कळस म्हणजे, भाचा येऊन गेला त्याच सुमारास तुर्कस्तानची बातमी आली. ५७१ रेफ्रींपैकी ३७१ जणांची पैजेची खाती निघाली आणि १४९ जणांना निलंबित केलं. त्यातले सगळेच लबाड नसतील. कुणी एकदाच खातं उघडून विसरलाही असेल. पण ती बातमी वाचून मी पेपर घडी करून ठेवला आणि बराच वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो. आपल्या जातीची माणसं आहेत ही. जात म्हणजे शिट्टीवाल्यांची.

तर ती सरासरी. भाच्याच्या प्रश्नानं अखेर मला माळ्यावर चढवलंच. पत्र्याच्या पेटीत माझ्या सहा वह्या आहेत, तळहाताएवढ्या, घामानं फुगलेल्या. प्रत्येक मॅचचं एक पान. संघ, तारीख, कुणाचा कितवा नंबर, कितवं मिनिट, काय कारण. वह्या काढल्या, पुसल्या आणि टेबलावर ठेवून दिल्या. मोजायला काही बसलो नाही. खरं कारण असं, की त्यातल्या चौथ्या वहीत एक पान आहे आणि ते मला उघडायचं नव्हतं.

१९९८ च्या एप्रिलमधली गोष्ट. उपांत्य फेरीची मॅच. चार नंबरचा बचावपटू शिरोलीच्या फौंड्रीत कामाला होता, रात्रपाळी करून मॅचला आलेला. हे मला नंतर कळलं. मनगटावर भाजल्याचे ठिपके होते, ते मात्र त्याच दिवशी दिसले, ३८ व्या मिनिटाला पहिलं पिवळं दाखवलं तेव्हा. ते बरोबर होतं. त्यानंही मान हलवली. मग ७१ वं मिनिट. समोरचा फॉरवर्ड सुसाट निघालेला, हा बाजूनं घसरत आला. माझ्या आणि त्यांच्या मध्ये दोन खेळाडूंचे पाय आले. मला दिसला तो फक्त धुरळा. आणि आवाज आला, नडगीवर नडगी आपटल्यावर येतो तसा. गॅलरी उठून उभी राहिली. हलगी थांबली. माझा हात छातीच्या खिशात गेला, मग मागच्या. दुसरं पिवळं म्हणजे लाल.

"सर, बॉलला लागलं ओ."

तो ओरडला नाही. फक्त एवढंच म्हणाला, एकदाच. मग खाली वाकून मोजे सोडले. आत नडगीला पॅडऐवजी जाड पुठ्ठा बांधला होता, तो काढून हातात घेतला आणि चालायला लागला. त्याचा संघ एका गोलनं हरला. ड्रेसिंग रूममध्ये बूट सोडताना माझा लाइन्समन हळूच म्हणाला, "बॉल आधी लागला होता वाटतं." मी म्हणालो, "मी बघितलंय." मी बघितलं नव्हतं. पुढं बऱ्याच वर्षांनी रंकाळ्यावर तो भेटला, स्कूटरवर पुढं लहान मुलगी. "सर," म्हणून थांबला, मुलीला पाया पडायला सांगितलं, बरं आहे ना, विचारलं. त्या मॅचचा विषय त्यानं काढला नाही. मीही काढला नाही.

ती चूक होती. पण ती माझी होती. धुरळ्याची, कोनाची, गॅलरीच्या आवाजाची, माझ्या घाबरटपणाची. त्या पोराचं जे नुकसान झालं त्यातून कुणाच्या खिशात चार आणे गेले नाहीत. या एका गोष्टीवर मी इतकी वर्षं स्वतःला तोलून धरलं होतं, हे मला भाच्याच्या शेजारी बसेपर्यंत माहीत नव्हतं. आज ती मॅच असती तर कुणीतरी मूठ आवळली असती. कुणीतरी माझ्या नावापुढचा आकडा वर सरकवला असता. आणि कुणीतरी असंही म्हणालं असतं, की रेफ्रीला किती मिळाले बघा.

संक्रांतीला भाचा पुन्हा आला. ताईला त्यानं स्वतःच सांगितलं होतं. ती माझ्याशी फोनवर दोन दिवस नीट बोलली नाही, तुला ठाऊक होतं आणि तू मला सांगितलं नाहीस म्हणून. तिचं बरोबर होतं. त्यानं ते ॲप काढून टाकलंय असं म्हणतो. मी मोबाइल तपासला नाही. टेबलावरच्या वह्या दिसल्यावर त्याचे डोळे चमकले. तिळगुळाचा लाडू तोंडात, आणि हा मांडी घालून पानं उलटायला बसला. मोबाइलवर बेरीज करत चालला होता, मधेच एखादं नाव दिसलं की विचारायचा, हे आता कोच आहेत तेच का? अमुक मॅच तुम्ही खेळवली होती? एका वहीत लग्नपत्रिकेचं ते जुनं कार्ड निघालं. अर्धा गणपती बघून तो खूप वेळ हसला, मग ते उजेडाकडं धरून बघत राहिला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. त्याची पानं उलटण्याची गती मंदावली तेव्हाच मला कळलं, तो कुठं पोहोचलाय.

"मामा, बाकी सगळ्यांपुढं कारण लिहिलंय. ह्या चार नंबरपुढं काहीच नाही. नुसतं प्रश्नचिन्ह."

मी आत येऊन त्याच्या शेजारी खाली बसलो. गुडघे आता लगेच वाकत नाहीत, त्याला थोडं सरकावं लागलं. मग मी त्याला सगळं सांगितलं. रात्रपाळी, पुठ्ठा, लाइन्समन, रंकाळा. त्यानं मोबाइल उलटा करून चटईवर ठेवला होता. बेरीज तशीच अर्धी राहिली.

"मग खरंच बॉलला लागलं होतं का ओ?"

"होय," मी म्हणालो. "बॉललाच लागलं होतं."